बाम्बारा लढायांची जुनी चित्रं: कितपत विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका जुन्या फ्रेंच नियतकालिकातलं सुटं पान हाती लागलंय, त्यावर मातीच्या तटाखाली चाललेल्या लढाईचं चित्र आहे, कॅप्शनमध्ये 'बाम्बारा' आणि 'सेगू' वाचता येतंय, मागे दोन कॉलमचा मजकूर आहे, आणि लेखात वापरायचं तर हे चित्र प्रत्यक्ष पाहून काढलेलं समजायचं का.

जुनी प्रिंट्स तपासून त्यांच्या नोंदी करणं हेच माझं काम, त्यामुळे असली पानं बरीच हाताखालून गेलीत. माझं मत असं की त्यातल्या वस्तूंवर बऱ्यापैकी विश्वास ठेवा, प्रसंगावर जपून ठेवा, आणि या दोन्हीच्या आधी हे शोधा की तो प्रवासी त्या दिवशी कोणाच्या बाजूला उभा होता. हे तिसरं बहुतेक लोक बघतच नाहीत आणि नेमकं तिथेच फसतात.

आधी पार्श्वभूमी पटकन. बाम्बारा, म्हणजे स्वतःच्या भाषेत बामाना, हे आजच्या माली देशातले, नायजर नदीच्या वरच्या खोऱ्यातले लोक. अठराव्या शतकात त्यांची दोन राज्यं होती, नदीकाठचं सेगू आणि वायव्येला कोरड्या पट्ट्यातलं कार्ता. सेगूची घडी बसवली बितोन कुलिबालीने, नंतर सत्ता दियारा घराण्याकडे गेली, आणि तोंजों नावाचे राजाला बांधलेले सैनिक ही तिथली खरी ताकद, राजे बसवायचे तेच आणि उतरवायचेही तेच. मग १८५० च्या दशकात एल हाज उमर ताल या मुस्लिम धर्मगुरूचा जिहाद सुरू झाला, १८५५ मध्ये कार्ताचं न्योरो शहर त्याच्या हाती गेलं, १० मार्च १८६१ ला सेगू पडलं, आणि उमरचा मुलगा अहमदू तिथे गादीवर बसला. बाम्बारा गावं मात्र शांत बसली नाहीत, पुढची जवळजवळ तीस वर्षं कुठे ना कुठे बंड चालूच होतं. फ्रेंच प्रवासी बहुतेक याच काळात तिथे पोचले, म्हणून चित्रांचा मोठा साठाही याच काळातला.

त्याआधीचं म्हणाल तर मुंगो पार्क. हा स्कॉटिश डॉक्टर १७९६ च्या जुलैमध्ये सेगूला पोचला, आणि वाटेत त्याला सेगू आणि कार्ता यांच्यातलं युद्धच आडवं आलं होतं, त्यामुळे त्याचा रस्ताच बदलला. सेगूच्या राजाने, तो मॅन्सोंग म्हणतो तो मोन्झोन दियारा, त्याला समोर येऊ दिलं नाही, पाच हजार कवड्या हातावर ठेवून पुढे काढलं. (कवड्या आपल्या बाजूच्या समुद्रातल्या, मालदीवच्या, तिथपर्यंत जाऊन चलन झालेल्या.) पुस्तक आलं १७९९ मध्ये, युद्धाचं वर्णन त्यात भरपूर आहे पण चित्रांत युद्ध नाही. मूर सरदार अलीचा तंबू, कामालिया गाव, बाफिंग नदीवरचा पूल, शिया झाडाची फांदी, असलीच चित्रं. म्हणून पार्कच्या नावावर कोणी तुम्हाला बाम्बारा लढाईचं चित्र देत असेल तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या नंतरच्या एखाद्या लोकप्रिय आवृत्तीतलं, कोणीतरी मजकूर वाचून काढलेलं, त्याला पुरावा वगैरे म्हणू नका.

पण पार्कचं एक दृश्य मला कुठल्याही तलवारबाजीच्या चित्रापेक्षा जास्त युद्धचित्र वाटतं. १७९७ मध्ये तो कामालियाहून समुद्राकडे निघाला तो गुलामांच्या तांड्याबरोबर, आणि त्या तांड्यातले पुष्कळ लोक लढायांमध्ये पकडलेले. सेगूच्या युद्धांचा मोठा हिशोब माणसं पकडण्याचाच होता, काहींना सैन्यात घ्यायचं, काहींना शेतीला लावायचं, बाकीचे विकायचे. लढाईच्या चित्रात धूर दिसतो, घोडे दिसतात, पण दुसऱ्या दिवशी दोरीने बांधलेली रांग दिसत नाही, ती वेगळ्या चित्रात वेगळ्या कॅप्शनखाली असते, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही ती दोन चित्रं दोन वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात. लेखात जागा असेल तर शेजारी शेजारी लावा.

आता तुमच्या पानाकडे. मागे दोन कॉलमचा मजकूर म्हणजे पहिला संशय 'ल तूर द्यू माँद' या नियतकालिकावर. एदुआर शार्तोंने ते १८६० मध्ये सुरू केलं, आशेत प्रकाशनाकडून निघायचं, प्रवासवर्णनं आणि भरपूर चित्रं. ही चित्रं कशी व्हायची ते कळलं की अर्धं काम झालं. प्रवासी परत यायचा तो वही घेऊन, त्यात पेन्सिलचे कच्चे स्केच, नकाशे, कधी एखादा फोटो. ते जायचं पॅरिसमधल्या व्यावसायिक चित्रकाराकडे, तो ते नीट रचून बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर काढायचा, मग कोरणारा कारागीर ब्यूरिन नावाच्या टोकदार हत्याराने ते कोरायचा. बॉक्सवुडचं खोड बारीक, त्यामुळे मोठं चित्र म्हणजे अनेक छोटे ठोकळे जोडून केलेलं, काही वेळा वेगवेगळ्या हातांनी कोरलेलं. स्कॅन झूम करून आकाशाच्या भागात बघा, कधी कधी सरळ पांढरी बारीक रेघ आरपार गेलेली दिसते, तो ठोकळ्यांचा सांधा. म्हणजे एका चित्रामागे निदान तीन माणसं, आणि त्यातल्या दोघांनी नायजर नदी पाहिलेली नाही.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यांत सह्या असतात, साधारणपणे डावीकडे चित्रकार आणि उजवीकडे कोरणारा, आणि कॅप्शनखाली बारीक अक्षरात चित्र कशावरून काढलं ते दिलेलं असतं. ही बारीक ओळ मी सगळ्यात आधी वाचतो. फोटोवरून काढलंय, प्रवाशाच्या स्केचवरून काढलंय, की नुसतं मजकुरावरून, हे तीन दर्जे अगदी वेगळे. मजकुरावरून असं लिहिलेलं असेल तर ते चित्र म्हणजे पॅरिसमधल्या चित्रकाराने वाचलेलं पुस्तक, त्यापलीकडे काही नाही. आणि ओळ छापलेलीच नसेल तर मी ते खालच्या दर्जाचं धरून चालतो.

इथे आपल्याकडचा एक धागा आहे. याच नियतकालिकात १८७० च्या दशकात लुई रूसलेचा भारतप्रवास छापून आला, त्यात बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा दरबार, तिथल्या कुस्त्या, साठमारी, सगळं आहे, आणि चित्रकारांमध्ये एमिल बायार हे नाव आहे. तोच बायार, ज्याने त्याच्या थोडं आधी सेगूच्या लढाया काढल्या. फरक एवढाच की रूसलेने भारतात स्वतः फोटो काढले होते, त्यामुळे बडोद्याच्या चित्रांत निदान इमारती, दागिने, पोशाख यांना आधार होता. सेगूहून आलेल्या वहीत पेन्सिल होती. दोन्ही चित्रं समोरासमोर ठेवून बघा, कोपऱ्यातली गर्दी, पडलेला माणूस, हात वर केलेला घोडेस्वार यांची ठेवण सारखीच वाटायला लागते, कारण ती पॅरिसच्या चित्रशाळेतली शिकवण आहे, सेगूची नाही आणि बडोद्याचीही नाही.

सेगूहून ती वही आणली यूजीन माज याने. फ्रेंच नौदलाचा लेफ्टनंट, सेनेगलचा गव्हर्नर फेदेर्बने त्याला १८६३ मध्ये डॉक्टर कँतँबरोबर उमरकडे बोलणी करायला पाठवलं. २८ फेब्रुवारी १८६४ ला हे लोक सेगूला पोचले, आणि उमर तर त्याच महिन्यात तिकडे बांदियागाराच्या कड्यांत मेला होता, ती बातमी सेगूत कोणी उघडपणे बोलायला तयार नाही. अहमदूने पाहुण्यांना मानाने ठेवलं आणि जाऊ दिलं नाही, दोन वर्षांहून जास्त. या दोन वर्षांत माजने लढाया अगदी जवळून पाहिल्या, कारण तो अहमदूच्या फौजेबरोबरच जायचा आणि त्याच्याबरोबरचे सेनेगलचे खलाशी बंदुका घेऊन अहमदूच्या बाजूने लढायचे. १८६५ च्या सुरुवातीला तोगूची लढाई झाली, त्यात बंडखोर बाम्बारा हरले आणि नंतर कैद्यांची कत्तल झाली. त्याच वर्षी पुढे सान्सांदिंग या नदीकाठच्या व्यापारी गावाला वेढा पडला, आठवडेच्या आठवडे चालला, आणि अहमदूला शेवटी वेढा उठवून परत फिरावं लागलं.

म्हणजे माज हा साक्षीदार आहे यात शंका नाही, नौदलातला असल्यामुळे स्केच आणि मोजमाप याचा हातही तयार, पण साक्षीदार एका बाजूचा. त्याच्या चित्रांत बाम्बारा कुठे असतात बघा. तटाच्या आत, धुराच्या पलीकडे, नाहीतर जमिनीवर पडलेले. समोर ठसठशीत दिसतात ते अहमदूचे लोक, झेंड्याखाली तुकडी करून चालणारे, फेटे बांधलेले. चित्रकाराने हा पक्षपात केला असं नाही, माज जिथे उभा होता तिथून तेवढंच दिसत होतं. शत्रूचे चेहरे त्याने पाहिले ते कैदी म्हणूनच. त्यामुळे माजचं कुठलंही युद्धचित्र 'बाम्बारांचं युद्ध' असं लावू नका, ते बाम्बारांविरुद्ध चाललेलं युद्ध आहे, अहमदूच्या छावणीतून पाहिलेलं. पुस्तक १८६८ मध्ये आलं, आणि बिचारा माज पुढच्याच वर्षाच्या शेवटी ब्रेस्टजवळ जहाज फुटून गेला, सगळ्यांसकट.

दुसरा मोठा साठा जोसेफ गालिएनीचा. हो, तोच, पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या टॅक्सी मार्नच्या लढाईवर पाठवणारा, तेव्हा तरुण कॅप्टन होता. १८८० मध्ये तो अहमदूसाठी नजराणे घेऊन गाढवांचा मोठा काफिला हाकत निघाला आणि वाट काढली बेलेदुगू या भागातून, जिथले बाम्बारा अहमदूचे कट्टर वैरी. आपल्या शत्रूकडे एवढा माल, आणि त्यात कदाचित शस्त्रंही, आपल्याच शिवारातून चाललाय म्हटल्यावर काय होणार? ११ मे १८८० ला दियो गावाजवळ त्यांनी हल्ला केला, काफिला लुटला, गालिएनीची माणसं पडली, तो कसाबसा लढत नायजरपर्यंत पोचला. पुढे अहमदूने त्याला सेगूत पाऊलही ठेवू दिलं नाही, नांगो नावाच्या गावात महिनोन्महिने बसवून ठेवलं.

या प्रवासाचं पुस्तक १८८५ मध्ये आलं, चित्रं सगळी एदुआर रियूची, ज्याने जुल व्हर्नची पुस्तकं सजवली तोच. रियूचा हात नाटकी, मोठं झाड, दरी, मधोमध धूर, छोटी छोटी माणसं, बघायला फार मजा येते. पण विचार करा, दियोला लुटालूट चालू असताना वही काढून कोण बसलं असेल? त्या लढाईचं चित्र हे नंतर आठवणीवरून आणि मजकुरावरून पॅरिसमध्ये रचलेलं आहे, दुसरं काही शक्यच नाही. आणि इथे बाम्बारा कसे दिसतात? झाडीतून झडप घालणारे, चेहरा नसलेले. कारण या वेळी प्रवासी हल्ला झालेल्या बाजूला उभा होता. माजच्या चित्रात तटाआडचे, गालिएनीच्या चित्रात झाडाआडचे, लोक मात्र साधारण तेच, आणि भांडणही तेच, अहमदूच्या सत्तेशी.

१८९० पासून आणखी एक गुंता होतो. ६ एप्रिल १८९० ला कर्नल आर्शिनारने सेगू घेतलं, फारशी लढाई न होता, आणि त्याच महिन्याच्या शेवटी वोसेबुगू या तटबंदीच्या गावावर घाला घातला. तिथे आत बाम्बारा सरदार बाँदियुगू दियारा, अहमदूशी एकनिष्ठ राहिलेला. दोन दिवस घराघरातून झुंज झाली आणि शेवटी त्याने दारूगोळ्याच्या कोठारासकट स्वतःला उडवून घेतलं. पण बाहेरून चढाई करणारे कोण? फ्रेंच अधिकारी मूठभर, बाकी सेनेगाली तिरायर पलटणी, म्हणजे फ्रेंचांनी आफ्रिकेतच भरती केलेलं पायदळ, ज्यांत बाम्बारा शिपाई भरपूर, शिवाय मदतीला आलेले बाम्बारा स्वयंसेवक, ज्यांना अहमदूवर जुना राग काढायचा होता. म्हणजे तटाच्या दोन्ही बाजूंना बाम्बारा. तिरायरांच्या पलटणीत आपापसातली बोली म्हणूनसुद्धा बाम्बाराच चालायची. पॅरिसच्या सचित्र पेपरांना हे कुठलं परवडणार, त्यांच्या वाचकाला लाल टोपीतला आपला शिपाई आणि समोरचा 'रानटी' एवढं सरळ चित्र हवं, म्हणून टोपी घातली की माणूस आपला आणि काढली की शत्रू. त्या काळातलं चित्र असेल तर कॅप्शनमधल्या 'बाम्बारा' या शब्दावरून बाजू ठरवायच्या भानगडीत पडूच नका, तारीख आणि गाव शोधा.

आता विश्वास कशावर ठेवायचा. मी पहिल्यांदा तट बघतो. तिथे त्याला ताता म्हणतात, मातीच्या विटांचा आणि गाऱ्याचा, खाली जाड वर निमुळता, बंदुकीला भोकं ठेवलेला, आपल्या देशावरच्या पांढऱ्या मातीच्या गढीची आठवण यावी असा. चित्रात तट गुळगुळीत, कोपरे थोडे गोलसर, पावसाने झिजलेले असे दिसले तर ते प्रवाशाच्या स्केचमधून आलंय असं समजायला हरकत नाही, चित्रकाराला ते सुचलं नसतं. पण वर युरोपातल्या किल्ल्यासारखे चौकोनी दात आणि बाजूला दगडी बुरूज दिसले तर तो भाग पॅरिसचा.

मग बंदुका. बाम्बारा योद्धा म्हटलं की चित्रकाराला भाला, ढाल, धनुष्य सुचतं, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथलं मुख्य शस्त्र होतं लांब नळीची चकमकीची बंदूक, किनाऱ्यावरच्या व्यापारातून आलेली, आणि दारू तिथेच बनायची. ज्या चित्रात सगळे भाले घेऊन धावतायत ते मी बाजूला ठेवतो. पोशाखाचं तसंच, उघडेबंब लोक हे बहुतेक वेळा स्टुडिओतलं मॉडेल, प्रत्यक्षात सैल सुती अंगरखे, गेरू-पिवळ्या रंगात रंगवलेले, शिकाऱ्यांच्या सदऱ्यांवर ताईत टाचलेले, डोक्याला टोकदार टोपी. झाडं पण बघा. नायजरकाठच्या चित्रात नारळीसारखी झाडं झुलत असतील तर हसून सोडून द्या. गोरखचिंच, शिया, ताडाच्या जातीतलं रोनिये दिसलं तर बरं लक्षण. नदीवरच्या होड्या असतील तर त्या लांब, अरुंद, आणि चालवणारे सोमोनो, म्हणजे वेगळा नावाडी समाज. सेगूच्या सैन्याचं नदीवरचं येणंजाणं त्यांच्या जिवावर चालायचं आणि चित्रांत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही.

बाम्बारांच्या बाजूने काढलेलं चित्र मिळेल का, असं तुम्ही पुढे विचाराल. असं छापील चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्यांची बाजू आहे ती जेलींच्या तोंडी, म्हणजे तिथल्या शाहिरांच्या, दा मोन्झोन राजा, बाकारी दियान हा वीर, सामान्यानाचा बासी हा शत्रू, अशा गाथा ते न्गोनी या तंतुवाद्याच्या साथीवर गातात. त्यात सेगू जिंकतं ते बऱ्याचदा जादूटोण्याने, फितुरीने, बाईच्या मदतीने, आणि शाहीर ते अजिबात लपवत नाही. प्रवाशांच्या चित्रांमध्ये एवढा मोकळेपणा नाही, तिथे सगळं धाडसच. लेखात चित्रासोबत अशा गाथेचा संदर्भ दिलात तर चित्राचा तोल बराच सावरेल.

पान विकत घेताना, किंवा घेतलंच असेल तर तपासताना, दोन-तीन गोष्टी. पान रंगीत असेल तर रंग नंतरच्या डीलरने हाताने भरलेले, 'तूर द्यू माँद' मधली ही चित्रं काळ्या शाईतच छापली जायची. सुरुवातीपासून रंगीत छापलेलं हवं असेल तर ते १८९० नंतरच्या स्वस्त साप्ताहिक पुरवण्यांत मिळतं, पण तिथे अतिशयोक्ती विचारू नका. दुसरं, हे ठोकळे किंवा त्यांच्या धातूच्या प्रती बाहेरच्या देशांतल्या प्रकाशकांना विकल्या जायच्या, जर्मन, इटालियन नियतकालिकांत तेच चित्र दिसतं, आणि कॅप्शन बदललेलं असतं. म्हणून मागचा मजकूर कुठल्या भाषेत आहे ते बघा, आणि फ्रेंच नसेल तर त्या कॅप्शनवर भरवसा न ठेवता मूळ फ्रेंच अंक गाठा. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' साईटवर जुने अंक फुकट बघता येतात. शोधताना बाम्बारा हा शब्द एक 'आर' आणि दोन 'आर' अशा दोन्ही स्पेलिंगने टाका, सेगूचंही तसंच, एकोणिसाव्या शतकात हे लोक मनाला येईल तसं लिहायचे.

तुमचं पान मी पाहिलेलं नाही, पण तट, मोठी फौज आणि 'सेगू' एवढं जुळतंय तर मी आधी माजच्या प्रवासाचे १८६८ चे अंक उघडून बघेन, नाही मिळालं तर गालिएनीचे, ते १८८० च्या दशकातले. सापडलं की लेखात चित्राखाली नुसतं 'बाम्बारा युद्ध, १८६५' असं लिहू नका. चार गोष्टी लिहा: कुठल्या लढाईचं, कोणत्या प्रवाशाच्या आधाराने, कोणी काढलं आणि कुठल्या वर्षी छापलं, आणि प्रवासी कोणत्या फौजेबरोबर होता. शेवटची गोष्ट संपादक जागेसाठी कापायला बघेल, तिथे अडून बसा, हवं तर चित्रकाराचं नाव कापू दे. आणि सही वाचता येत नसेल तर डाव्या कोपऱ्याचा जवळून घेतलेला फोटो पाठवा, बायार आणि रियू दोघांच्याही सह्या ओळखायला सोप्या आहेत.